अर्ध्या-अर्ध्या दोन बाटल्या

जगातली प्रत्येक गोष्ट डावी असते नाहीतर उजवी, बाकी सगळा फापटपसारा, असं मानणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत एकच आहे आणि तो माझा आतेभाऊ आहे. वेल काठीला कुठल्या बाजूनं वळलाय हे बघितल्याशिवाय तो पावट्याची शेंग तोडत नाही. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं पिशवीत काय आहे विचारलं, तर यानं शंख काढून त्याला डावा-उजवा समजवायला घेतला. शेवटी पोलिसानंच हात जोडले.

आत्या लवकर गेली. वडगावात माग चालवून याला शिकवलं ते थोरल्या बहिणीनं, आक्कानं. सुताचा पीळ डावा की उजवा हे ती नुसत्या बोटांनी सांगते. हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि तोच पीळ रेणूंमध्ये शोधतो. त्याचं म्हणणं असं, की काही रेणू सुतासारखे पिळलेले असतात आणि इलेक्ट्रॉनला स्वतःची फिरकी असते. पिळाशी फिरकी जुळली तर तो सुखानं पार होतो, नाहीतर अडखळतो. धातूच्या पट्टीवर डाव्या रेणूंचा थर देऊन खालचं लोहचुंबक उलटं केलं की करंट वाढतो, उजव्यांचा दिला की तितकाच घटतो. सहा वर्षं त्यानं हे मोजलं. तज्ज्ञ म्हणाले, तुमच्या पट्टीवरचा मळ असेल तो. मग एकदाचं त्यांचं स्वतः बघायला यायचं ठरलं.

नेमका त्याच आठवड्यात कॉलेजचा फ्रिज बिघडला, म्हणून डाव्या आणि उजव्या रेणूंच्या पुडीच्या अर्ध्या-अर्ध्या दोन बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये आल्या. आमच्याकडं एकाच जिनसाच्या अर्ध्या-अर्ध्या दोन बरण्या ठेवणं म्हणजे बाईच्या संसाराला बोल. आक्कानं एक बाटली दुसरीत ओतली आणि रिकामी घासून पालथी घातली.

"एकच नाव, एकच पूड. म्हटलं, कोथिंबिरीला जागा हुईल," ती म्हणाली. काय झालंय हे कळल्यावर मात्र ती ती रिकामी बाटलीच पदरानं पुसत राहिली. वर्षभर वाट बघून आलेली पूड होती ती. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. यानं ती एकच बाटली उचलली आणि कॉलेज गाठलं.

तज्ज्ञांना त्यानं आधीच थर दिलेल्या जुन्या डाव्या-उजव्या पट्ट्यांवरचा फरक दाखवला, मग तशाच पट्टीवर त्या मिसळलेल्या पुडीचा थर दिला. चुंबक उलटं केलं, सुलटं केलं, करंट जागचा हलेना; डाव्यानं वाढवलेलं उजव्यानं घटवलं. पट्टी तशीच, हात तेच, मळ असलाच तर तोही तोच, पण फरक गेला. फरक पिळाचाच होता. तज्ज्ञांनी मळाचं नाव पुन्हा काढलं नाही.

"आक्का, ती पूड मिसळायचं धाडस मला जल्मात झालं नसतं," घरी येऊन तो म्हणाला. तिला वाटलं, हा नुसती आपली समजूत घालतोय.

आक्काचे डोळे आता साथ देत नाहीत, माग बंद आहे. परवा गेलो तर तिच्या फळीवर मिठाच्या अर्ध्या-अर्ध्या दोन बरण्या होत्या. मी म्हटलं, आक्का, मीठ ते मीठच की.

"असूंदे रं. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

मला फार वाईट वाटलं. आतेभाऊ उठला, एका बरणीतलं मीठ दुसरीत ओतलं आणि रिकामी बरणी घासून पालथी घातली.