बर्फातलं पाणी ऐकणारे हमीदचाचा

"शेवटी शेवटी कान गेले होते ना त्यांचे?"

पडवीत माझ्या मागे बसलेल्या कुणीतरी हळूच विचारलं. "मग काय," आमच्या टीममधला नीलेश म्हणाला, "त्या दिवशी लस गोठली ती त्यामुळेच. बिचाऱ्यांना ऐकूच आलं नसणार." हमीदचाचांना जाऊन चाळीस दिवस झाले होते, त्यांचा चाळिसावा होता. आमची सगळी टीम म्हसळ्याजवळच्या त्यांच्या गावी आली होती, जेवणं उरकली होती आणि मी सरबताचा ग्लास हातात धरून नुसती बसले होते. चाचांच्या कानांबद्दल मला काही माहीत नव्हतं. लस कशामुळे गोठली, हे मात्र माहीत होतं. आणि ते फक्त मलाच माहीत होतं.

आमची टीम विद्यापीठाची. तान्ह्या बाळांची छाती भरून त्यांचा श्वास कोंडणारा एक विषाणू आहे, त्यावरच्या लसीचं काम आम्ही करतो. लस आईला गरोदरपणात द्यायची, म्हणजे बाळाला पहिले काही महिने आधार मिळतो. त्या चाचणीसाठी म्हसळ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही केंद्र उघडलं होतं. मी प्रयोगशाळेतून तिथे गेले तेव्हा मला गावात कसं बोलावं तेच कळत नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी वाक्य मी आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचे पुढच्या विषयावर गेलेले असतात. चाचा आमची गाडी चालवायचे आणि लसीची पेटी सांभाळायचे. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "तू बोलत न्हाईस ते बरं हाय, बाय. गाडीत रेडिओ तरी ऐकू येतो."

त्याआधी ते बावीस वर्षं कुवेतला होते, मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. गावात त्यांना सगळे बर्फवाले म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. आमच्या लसीला गारवा लागतो, पण ती गोठली की वाया जाते. म्हणून आइस पॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट पेटीत ठेवायचे नाहीत. ते टेबलावर मांडायचे आणि आतला बर्फ थोडा सुटेपर्यंत थांबायचं. सुटला का, हे बघायला पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी हललेलं ऐकू आलं तरच तो पेटीत जातो. आम्ही बाकीचे हे घाईघाईत करायचो. चाचा डोळे मिटून करायचे, एकेक पॅक, पलीकडून कुणीतरी बोलत असल्यासारखा. मी एकदा घड्याळ बघितलं तर म्हणाले, "बर्फाला घाई न्हाय करायची. तो सांगंल तेव्हाच उचलायचा."

घराघरांत आमचं स्वागत झालं तेही त्यांच्यामुळे. पोटुशी सून घरात असताना विद्यापीठाचे लोक दारात उभे, हे कुठल्या सासूला आवडेल? चाचा आधी घरच्या पुरुषांशी कुवेतच्या गोष्टी बोलत, मग सासूला सलाम किंवा नमस्कार करत, आणि सगळ्यात शेवटी लसीचा विषय काढत. तोही असा, की जणू त्यांना आत्ताच आठवला. कुणी नको म्हटलं तर चहा पिऊन उठायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा चहा…

लस गोठली त्या दिवशी सकाळी चाचांनी पेटी भरली, आणि निघताना कळलं की गाडीचं चाक बसलंय. ते चाक बदलायला खाली गेले. मी पेटीजवळ एकटी. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मला वाटलं, पेटीतला गारवा जातोय. प्रयोगशाळेत माझे हात वर्षानुवर्षं एकच शिकले होते: नमुना जितका थंड, तितका सुरक्षित. लसीचं तसं नसतं हे मी वाचलं होतं, त्यावर परीक्षाही दिली होती. तरी मी फ्रीझर उघडला, दोन कडक गोठलेले पॅक काढले आणि आतल्या पॅकच्या जागी ठेवले. कानाशी धरले नाहीत. चाचांना सांगायचं म्हणून वाक्य जुळवत होते, तेवढ्यात खालून हॉर्न वाजला.

गावात पोचून पेटी उघडली. लस गोठली तर दाखवणारी एक छोटी पट्टी आत असते, तिच्यावर बरोबरच्या खुणेऐवजी फुली आली होती. तो सगळा साठा बाद. शाळेच्या ओसरीवर बायका येऊन बसल्या होत्या, कुणाची सासू सोबत, कुणाची जाऊ. त्यांना परत पाठवावं लागलं. जाताजाता एक म्हातारी म्हणाली, "बर्फवाल्याला बर्फ कळला न्हाय." बायका हसल्या. चाचाही थोडे हसले. त्यांतल्या काही जणी पुन्हा कधीच आल्या नाहीत.

संध्याकाळच्या बैठकीत आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "पेटी कोणी भरली होती?"

"मी भरली."

"पॅक ऐकले होते?"

"ऐकले होते. पन ऐकण्यात चूक झाली असंल माझी."

माझं वाक्य तयार होतं. मॅडमनी पान उलटलं.

त्यानंतर रोज सकाळी चाचा प्रत्येक पॅक आधी स्वतःच्या कानाशी धरत आणि मग माझ्याकडे देत. "बाय, तू पन ऐक." मी ऐकायची आणि "हो, पाणी आहे" म्हणायची. मला वाटायचं, यांनी मला त्या दिवशी पाहिलंय. मला सांभाळून घेतलंय, आणि आता रोज, न बोलता, आठवण करून देतायत. असं समजणं मला सोयीचं होतं. त्यात मला काहीच करायचं उरत नव्हतं. पुढे एक दिवस त्यांनी स्वतःच मॅडमना सांगितलं की पेटी दुसऱ्या कुणाला द्या, मी फक्त गाडी चालवतो. मी तेव्हाही गप्प होते. मग मी प्रयोगशाळेत परतले, आणि वर्षभराने टीमच्या ग्रुपवर त्यांच्या जाण्याचा मेसेज आला. झोपेतच गेले, एवढंच लिहिलं होतं…

पडवीतलं ते बोलणं ऐकल्यावर मी ग्लास ठेवून आत गेले. चाची इद्दतीत होत्या, नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात, आतल्या खोलीत बायकांनाच भेटत होत्या. नाव सांगितलं तशी त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"पॅक ऐकायची ती तूच काय? ते सांगायचे, एक पोरगी हाय, तिचे कान चांगले. तिनं हो म्हटलं की मी पेटी बंद करतो."

मी मान हलवली.

"अलिबागला दाखवलं होतं," चाची म्हणाल्या. "डॉक्टर बोलला, कान साफ हायत. यांनी मानलंच न्हाय. ऐकू येत असून टीव्ही मोठा करायचे. मी बोलायची, मी सैपाकघरात पुटपुटते ते बरं ऐकू येतं तुमाला! तर म्हणायचे, बर्फाचं पाणी न्हाय ऐकू आलं ना पन."

तेव्हा मी सांगितलं. चाक, फ्रीझर, दोन पॅक. वाक्यं मोडकी होती, मधेच इंग्रजी शब्द आले. चाची ऐकत राहिल्या. त्यांनी माझा हात सोडला आणि ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मला कशाला सांगतेस?" त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांचे कान चांगले होते ते मला ठाऊकच होतं. बाहेर सांग."

मी उठले. पडवीत मॅडम होत्या, नीलेश होता, चाचांचा मुलगा पानाचं तबक फिरवत होता, गावची काही माणसं निघायच्या बेतात चपला शोधत होती. मी दारात उभी राहिले. या वेळी वाक्य जुळवत बसले नाही.

"चाचांनी पॅक बरोबर ऐकले होते," मी म्हटलं. "नंतर ते मी बदलले."