मामांची आतली खोली

देवाला एवढा त्रास दिलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, परळच्या एका गिरणीत मागावर काम करायचे आणि उरलेला सगळा वेळ देवाशी बोलत असायचे. बोलत म्हणजे ओरडत. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते जेवणाआधीची प्रार्थना म्हणू लागले की समोरच्या चाळीतली माणसं घास हातात धरून थांबत. आत्या म्हणायची, "अहो, देव काय तुमच्या साचाखात्यात मागावर कामाला आहे का? जरा हळू." त्यावर मामा मिटलेले डोळे न उघडता म्हणत, "प्रभू, हिलाही क्षमा कर," आणि त्याच पट्टीत पुढे चालू. शिवाय देवाला सगळा तपशील पुरवायची त्यांना मोठी हौस. चर्चच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईसाठी प्रार्थना करताना ती कुठल्या चाळीत, कुठल्या जिन्याच्या बाजूला राहते, हे ते आधी सांगत. देव लांबून येणार, त्याची चुकामूक होऊ नये. माझ्या परीक्षेच्या सकाळी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "परमेश्वरा, तर्कशास्त्र म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. तुला असेलच. ते ह्याच्या डोक्यात घाल." मी पास झालो. त्या निकालाचं अर्धं श्रेय मी आजही त्यांनाच देतो.

मी नगरकडच्या एका लहान गावातून, मिशनच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मुंबईला आलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. एका खोलीच्या त्या संसारात आत्या-मामांनी मला पदवी मिळेपर्यंत ठेवून घेतलं, आणि दोघांपैकी कुणी कधी ओझं झाल्याचं जाणवू दिलं नाही. हे ऋण फेडण्यासारखं नाही, म्हणून निदान लिहून ठेवतो.

मामांना एकच खंत होती. आपली प्रार्थना वरवरची आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पाळकसाहेबांनी एका रविवारी उपदेशात 'प्रार्थनेत खोल जा' असं सांगितलं आणि मामा खोल जायच्या मागेच लागले. दर दोन-तीन महिन्यांनी नवा प्रयोग. मागावर धागा तुटला की तो जोडता जोडता एका माणसाचं नाव देवापुढे घ्यायचं, असं त्यांनी एकदा ठरवलं. गिरणीत हलकं सूत आलं की धागे सारखे तुटायचे, खात्यावरचा जॉबर शिव्या द्यायचा, पण मंडळीची त्या आठवड्यात चैन असायची. दूरदूरच्या आजाऱ्यांचीसुद्धा नावं निघायची. पुढे त्यांना वाटलं, प्रार्थना करायची तर शास्त्रात सांगितल्याप्रमाणे आतल्या खोलीत, दार लावून करावी. आता आमच्याकडे खोलीच एक, तिला आतली कुठून आणायची? मामांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली आणि तीच आतली खोली ठरवली. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या मालवणी काकी काढा घेऊन दारात. "मामानू, वाफारो घेतास तर निलगिरी तरी घाला त्यात!" गोधडीच्या आतून उत्तर आलं, "काकी, मी देवाजवळ बसलोय." काकी आत्याला म्हणाल्या, "बसांदेत. काढो थंड होयत पण." तेव्हा मामा बाहेर आले, काढा प्यायले आणि परत आत गेले.

त्या दिवसांत सगळं गिरणगाव संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी पेटलं होतं. मामांनी उपासनेत उभं राहून प्रार्थना केली, "परमेश्वरा, मुंबई आम्हाला दे. तू दिलीस तर दिल्लीला विचारायची गरज नाही." पाळकसाहेबांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, उपासनेत राजकारण नको." मामा भाबडेपणानं म्हणाले, "साहेब, दुसरीकडे मागू कुणाजवळ?"

मग गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी मी गिरगावात कॉलेजमित्राच्या घरी अडकलो होतो आणि घरी निरोप पोचवायची काही सोय नव्हती. दुपारी चाळीखालून आरडाओरडा ऐकू येऊ लागला तशी मामांनी गोधडी डोक्यावरून घेतली आणि त्यांच्या त्या गिरणीच्या आवाजात सुरुवात केली. हे मला आत्यानं मागाहून सांगितलं. बायबलात वल्हांडणाच्या रात्री मृत्यू इस्राएल लोकांची दारं ओलांडून पुढे गेला, ती गोष्ट आमच्या लोकांना पाळण्यापासून पाठ असते. मामा तेच पुन्हा पुन्हा मागत होते : "आमचं दार ओलांडून जाऊ दे, प्रभू. ह्या घराचं लेकरू राख. आमचं दार ओलांडून जाऊ दे."

मधे फक्त फळ्यांची भिंत. पलीकडे काकी आणि त्यांचा मुलगा. तो माझ्याच वयाचा, गिरणीत बदली कामगार होता. 'खाली काय चाललाय ता बगून येतंय' म्हणून तो उतरला आणि कोपऱ्यावरच त्याला गोळी लागली. संचारबंदी उठल्यावर मी घरी पोचलो, तेव्हा आमच्या दारात कुणी नव्हतं. सगळी चाळ शेजारच्या दारात होती.

त्यानंतर मामांची प्रार्थना बंद झाली. गोधडी घडी होऊन माळ्यावर गेली. जेवायला बसलं की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "तू म्हण रे." चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर बसत आणि बाकीचे डोळे मिटत तेव्हा हे जमिनीकडे बघत राहत. मी नुकता तर्कशास्त्र शिकलेला. एकदा त्यांना समजवायला बसलो. "मामा, गोळीला कुणाची प्रार्थना कळत नाही. तुम्ही गप्प राहिला असता तरी हेच झालं असतं." मामांनी फळ्यांच्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाले, "ओलांडून म्हणजे कुठं रे? एक दार ओलांडलं की पुढचं दार येतंच ना? मी एवढी वर्षं खोल जायचं म्हणत होतो, आणि वेळ आली तेव्हा माझी प्रार्थना ह्या फळीपलीकडे गेली नाही." पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, देवाची इच्छा म्हणाले. मामांनी त्यांना चहा दिला.

काकींच्या समोरून जायचं टाळण्यासाठी मामा गिरणीची पाळी सुटल्यावर मागच्या जिन्यानं वर येत. शेवटी काकींनीच एके दिवशी त्यांना नळापाशी गाठलं. मी बादली धरून तिथंच होतो. त्या म्हणाल्या, "मामानू, माका चुकवतास कित्याक? त्या दिवशी तुमचा सगळा आयकलंय मी."

मामांची मान खाली.

"मी सुदा रवळनाथाक ताच सांगत होतंय. माज्या दाराक लागा नको म्हणान. तुमचा नाव घेतलंय नाय." पदरानं तोंड पुसून त्या पुढे म्हणाल्या, "आता गप रवू नकात. तुमचो आवाज नाय तर घर खावक उठता."

त्या संध्याकाळी मामांनी गोधडी काढली. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा घामानं भिजलेले. आत्यानं हळूच विचारलं, "बोललात का काही?" मामा म्हणाले, "नाही. काकींच्या पोराच्या नावापर्यंत येतो आणि अडतो."

मी पदवीधर झालो आणि गावाकडच्या शाळेत मास्तरकी मिळाली. आमच्यात कुणी दूर निघालं की घरातल्या मोठ्यानं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची रीत आहे. ट्रंक दारात ठेवून मी मामांपुढे गुडघे टेकले. खरं सांगायचं तर त्यांना अवघड जाईल म्हणून मी तसाच निघणार होतो, पण आत्यानं डोळ्यांनी खुणावलं. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामांनी हात ठेवला. एवढा वेळ गेला की माझे गुडघे दुखू लागले. सुखरूप पोचव, सांभाळ, यश दे, ह्यातलं काही आलं नाही. अखेर मामा मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "बापा, हा निघालाय."

आणि हात काढून घेतला.

काकींनी विचारलं, "झाली?"

"झाली."

"येवढीच?"

मामा म्हणाले, "एवढीच येते आता."

मामा जाऊनही आता बराच काळ लोटला. मंडळीतली जुनी माणसं भेटली की म्हणतात, त्या गोळीबारानंतर तुमच्या मामांची प्रार्थना आटली ती आटलीच. मी वाद घालत नाही; त्यांचं खरंही असेल. माझी मुलं आता परगावी शिकायला जातात. निघताना मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवतो, ह्यांना सुखरूप पोचव म्हणायला तोंड उघडतो, आणि नेमकी तेव्हाच बाहेर रस्त्यावरून दुसऱ्या कुणाची तरी मुलं चाललेली दिसतात.