भाऊंच्या हातची गाठ

नवा माणूस आमच्या गिर्यारोहण क्लबात आला की भाऊ आधी त्याचा तळवा हातात घ्यायचे, अंगठ्याने दाबायचे आणि तोंड वाकडं करायचे. "हे हात नव्हेत, पापड आहेत. जा, चहा टाक." की बिचारा चहा टाकायचा. कुणी महिनाभर टाकला, कुणी वर्षभर. माझा तळवा त्यांनी दाबलाच नाही. म्हणाले, "बाई, दोराला हळदकुंकू वाहायला आलात काय?" मी म्हटलं, "दोराला हळदकुंकू, आणि तुम्ही पडलात तर तुम्हाला फुलं." सगळे गार पडले. भाऊ मात्र हसले आणि त्याच दिवशी त्यांनी मला कड्यावर चढवलं.

मुंबईत आमच्या ऑफिसात ते हेडक्लार्क. गोड शब्दाचं त्यांना वावडं होतं. "शाबास म्हटलं की हात सैल पडतो," म्हणायचे. एक पोरगा पहिल्यांदा माथ्यावर पोचला आणि आनंदाने रडायलाच लागला, तर भाऊ म्हणाले, "माकडं रोज चढतात." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर दात खायचे आणि रविवारी पुन्हा त्यांच्याच मागे जायचं.

कारण एकच. आमच्या प्रत्येकाच्या कमरेला दोराची गाठ मारायची ती भाऊंनी. दुसऱ्या कुणी दोराला हात लावायचा नाही. गाठ मारून झाली की दोन जबरदस्त हिसके द्यायचे आणि म्हणायचे, "मर आता खुशाल." देवाला नमस्कार राहिला तरी चालेल, भाऊंचा हिसका राहता कामा नये, असं आम्हाला वाटायचं. पुढे पुढे ऑफिसातली फाइल त्यांच्या नाकाला टेकायला लागली. गाठ मारताना ते कड्याकडे बघायचे आणि काम बोटांवर सोडायचे. त्यांची नजर गेलीय हे सगळ्यांना कळत होतं, पण बोलणार कोण?

साठ सालानंतरची गोष्ट. शनिवारची रजा टाकून, रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आम्ही आगबोटीने मालवणला उतरलो आणि भाऊंच्या गावच्या समुद्रकड्यावर गेलो. मे महिन्यात क्लब हिमालयात जाणार होता. पुढारी कोण, ते त्या रविवारी कड्यावर हात वर करून ठरायचं होतं. भाऊ निवृत्तीला आलेले. "एकदा बर्फावर तुम्हाला बांधून नेतो, मग मला खुशाल जाळा," असं ते बोटीवर म्हणाले होते. त्यांच्याविरुद्ध उभा होता सुरेश. भाऊंनी वर्षभर चहा करायला लावला तो हाच, आणि आता आमच्यात सगळ्यांत चांगला चढायचा तोही हाच.

ओहोटीला भाऊंची म्हातारी आई काठी टेकत कड्याच्या पायथ्याशी आली. मागे अर्धा गाव. खडकावर बसून ती शेजारणीला सांगत होती, "माझो झील ह्या सगळ्यांका बांधता गो."

भाऊंनी सुरेशच्या कमरेला गाठ मारली, हिसके दिले. सुरेशने खाली पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, गाठ चुकली."

मी हातभर अंतरावर होते. गाठ बरोबर होती. दोराचं टोक जिथून जायचं तिथूनच गेलं होतं. भाऊंनी चाचपायला हात पुढे केला, तोवर मेल्याने गाठ सोडूनही टाकली.

"खोटं बोलतोय हा! मी पाहिली गाठ!" मी ओरडले.

"तुम्हालाही चष्मा लागला वाटतं," सुरेश म्हणाला. लोक हसले. ज्यांनी चहा केला होता ते जास्त हसले.

तेवढ्यात खडकावरून म्हातारीचा आवाज आला, "काय झाला रे झिला तुझ्या बोटांका?"

भाऊ बोटं डोळ्यांपाशी नेऊन बघत राहिले. सुरेशने स्वतःची गाठ स्वतः मारली. चढला मात्र सुरेख, खोटं कशाला बोलू? माथ्यावर त्याच्यासाठी हात वर झाले. माझा झाला नाही.

संध्याकाळी भाऊंच्या अंगणात मी त्यांना सांगितलं, "गाठ बरोबर होती. देवाशपथ."

"बाई, कीव करायला कधीपासून शिकलात?"

"कीव नाही हो. डोळ्यांनी पाहिलंय मी."

"पुरे. गोड बोलू नका माझ्याशी."

असा संताप आला म्हणून सांगू! सुरेशचाही इतका आला नव्हता. जन्मभर या माणसाने आम्हाला कारलं खाऊ घातलं आणि एक खरी गोष्ट गोड निघाली तर ती थुंकून टाकली. बोटीवर पुन्हा सांगितलं, ऑफिसात पुन्हा सांगितलं. ते "हो, हो" म्हणायचे, लहान मुलाला म्हणावं तसं. क्लबात ते परत आले नाहीत. निवृत्त होऊन गावी गेले आणि तिकडेच वारले.

मला आठवतो तो सोमवारचा मालवणचा धक्का. बोटीपर्यंत नेणारा पडाव भरत आला होता आणि भाऊंची वळकटी सुटली. ते उकिडवे बसून सुंभ बांधत होते. बांधायचे, चाचपायचे, सोडायचे. पुन्हा बांधायचे, पुन्हा सोडायचे. पडाववाला ओरडला, "चला ओ, बोट कोणासाठी रवाची नाय!" शेवटी भाऊंनी सुंभाची दोन्ही टोकं माझ्यापुढे धरली.

"एवढं बांधून द्या, बाई."

मी बांधलं. म्हटलं, "ओढून बघा."

"असेल बरोबर," ते म्हणाले, आणि पडावात चढायला त्यांनी सुरेशचा हात धरला.