संगीच्या मागे बाबा

फोन संगीच्या नंबरवरून आला, म्हणून मी निर्धास्तपणे उचलला. अमरावतीला राजापेठेत आमच्या घराखालीच शिकवणीवर्ग आहे. सकाळची बॅच नुकतीच सुटली होती आणि पोरांच्या गाड्यांच्या आवाजात पलीकडचं काही धड ऐकू येईना. कुणीतरी ‘गेली’ म्हणतंय की ‘गेले’, एवढंही कळेना. गेली काही वर्षं आम्ही तिघं भावंडं मनातल्या मनात याच फोनची तयारी करत होतो. बाबा ऐंशीला टेकलेले, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. “बाबा गेले का?” मी ओरडून विचारलं. उत्तर आलं, “मी बाबाच बोलून राहिलो वं. आपली संगी गेली.”

संगीता माझी बहीण, आम्हा तिघांत सगळ्यात धाकटी. पन्नाशीही गाठली नव्हती तिनं. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत, फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू देता देता ती खाली बसली, डोकं दुखतं म्हणाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. अंजनगावला पोचेपर्यंत माझ्या मनाला काही ते पटत नव्हतं. अंगणात बाबा बसलेले दिसले, तेव्हा एक क्षण मला वाटलं, म्हणजे सगळं ठीकच आहे की. इतकी आमच्या डोक्यात ती क्रमवारी पक्की बसलेली होती.

अकोल्याला शेतीचं शिक्षण घेऊन संगी घरी परतली, ती कायमचीच. लग्न तिनं केलं नाही. कुणी कारण विचारलं तर, “बागेले कोण पाहीन, तू?” असं उलट विचारायची. मी नोकरीनं अमरावतीला, मधला भाऊ प्रकाश अकोल्यात औषधांच्या दुकानात गुंतलेला. आई गेल्यावर घरात बाबा आणि ती, दोघंच उरली. त्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही सगळे जमलो असताना तिनं जेवणं झाल्यावर सरळ विषय काढला. “बाबा, तुमी हाय तवरच जमिनीचं बोलून घेऊ. मागून आमी भांडाचं अन् लोकायनं पाहाचं, हे नको.”

बाबांनी हातातलं पान तसंच खाली ठेवलं. “मले आत्ताच मारून राहिली का तू?”

दुसऱ्या दिवशी संगी बाबांना, प्रकाशला आणि मला घेऊन बागेच्या धुऱ्यावरून, बांधावरून, चालू लागली. मध्येच थांबून तिनं हातानं हवेत रेघा मारल्या. “हे तीन तुकडे करा. विहीर येते दादाच्या वाट्याले, रस्ता येते ताईच्या, अन् बहुतेक झाडं माझ्या. आता सांगा, पाणी कोण देईन अन् माल कुठून काढाचा?” प्रकाश दुखावला होता. “म्हणजे मी आता परका झालो का?” असं त्यानं विचारलं, आणि पुढचे कित्येक महिने तो बागेत फिरकला नाही. संगी मात्र अकोल्याला जायची, त्याच्या दुकानात स्टुलावर बसून राहायची, गिऱ्हाईक नसलं की बोलायची. तिनं त्याला कधी गप्प केलं नाही, त्याचं बोलून संपू दिलं. शेवटी ठरलं ते सगळ्यांना मान्य होऊनच ठरलं. नाल्यापलीकडचं कोरडवाहू वावर आणि गावातलं घर प्रकाशला, बाग सलग संगीला. आईचे दागिने मला आधीच मिळाले होते, मला आणखी काही नको होतं. बक्षीसपत्र करताना वकिलांनी विचारलं, “बाईंच्या मागे कोण?” संगी खळखळून हसली. “वकीलसाहेब, आधी बाबाले तर जाऊ द्या.” बाबाही हसले, आम्हीही हसलो.

कागद होणं सोपं होतं, बाबांनी हात काढून घेणं अवघड. थंडीत बागेचं पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो, तेव्हा कुठे मग बहार फुटतो. पानं मलूल झाली की बाबांचा जीव खालीवर व्हायचा. गेल्या हिवाळ्यात मी तिथे होते, तेव्हा ते मोटारीच्या बटणापर्यंत जाऊन उभे राहिले. मागून संगी म्हणाली, “बाबा, यंदा मी ठरवून राहिली ना?” ते म्हणाले, “मी कुठं काही म्हटलं?” आणि परत येऊन खाटेवर बसले. पुढे फुलांनी बाग पांढरी झाली, तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं, “पोरीनं बरोबर धरलं वं.” तिला स्वतःला ते हे बोलले की नाही, मला ठाऊक नाही.

तिची फळं तोडायच्या आधीच ती गेली. आणि मग तलाठ्याकडे जायची वेळ आली. मी आणि प्रकाश बाबांसोबत होतो. तलाठी नवीन, तरुण मुलगा. “मयताचे वारस कोण?” त्यानं विचारलं. “मी,” बाबा म्हणाले. “तुमी त्यांचे कोण?” “बाप.” मुलानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. नवरा, मुलं, आई... एकेक विचारत गेला, बाबा नाही नाही म्हणत गेले. मग तो हळूच म्हणाला, “काका, तुमचं नाव तर या जमिनीवरून आत्ताच कमी झालं होतं.”

“हो,” बाबा म्हणाले. “आता परत लावा.”

बाहेर आल्यावर प्रकाश भिंतीकडे तोंड करून रडला. मला रडू आलं नाही, अजूनही धड येत नाही. मी फक्त बाबांकडे बघत होते. लेकीच्या मागे बापाचं नाव लागतं, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही हिशेबात नव्हती.

तोडणी प्रकाशनं पार पाडली. दर शनिवारी दुकान बायकोवर सोडून तो अकोल्याहून येतो. परवा बाबांनी त्याला विचारलं, “पक्या, बाग तुले लागते का?” तो म्हणाला, “बाबा, मले थोडा वेळ द्या.” बाबा म्हणाले, “देतो. पण वेळ कोनाजवळ हाय, हे मले आता समजत नाही.”

त्या रात्री मी संगीच्या खोलीत झोपले. सकाळी जाग आली तर बाबा दारात उभे. काट्यांनी हात ओरबाडू नयेत म्हणून बागेत जाताना संगी साडीवरून बाबांचा जुना शर्ट घालायची, तो खुंटीवर तसाच लटकत होता. त्यांनी तो काढला, स्वतःच्या अंगात घातला. बाह्या तिनं तिच्या मापानं कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. मी त्या सोडवायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, “राहू दे.” आणि तसेच बागेकडे गेले.