मिस्तरी द्वारकाबाई

बायकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, द्वारकाबाईंच्या कमरेला ओळंबा असे. पितळी, वापरून गुळगुळीत झालेला, दोरीसकट नेसूत खोचलेला. भिंतीसमोर आल्या की ती सरळ आहे का हे बघायला आधी तो सोडायच्या. स्थिर होईपर्यंत कोणाशी बोलत नसत, आबांशीसुद्धा नाही.

आबा म्हणजे माझे वडील. इंझोरीच्या शिवारात आमचं दगडी घर आहे. तिथल्या बैठकीला दाराखेरीज उजेडाची वाट नव्हती. मागे कधीतरी कोणीतरी भिंतींना सिमेंट थापलं होतं, त्यामुळे ओल धरून खोली कुबट झाली होती. आबांना तिथे भरदिवसा पेपर वाचता येईना. मी मंगरूळपीरला शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुटीत ही बैठक नीट करायची आणि पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडायची, असं मी ठरवलं. दोन मिस्तरी येऊन गेले. दोन हात जाडीची भिंत बघून दोघांनीही मान हलवली. खिडकी नाही, म्हणे. सगळी भिंत पाडा आणि विटांची बांधा.

तिसऱ्या आल्या द्वारकाबाई, नवऱ्यासोबत. आबांनी नवऱ्याला, हरिभाऊंना, खुर्ची दिली आणि भिंतीची कुळकथा सुरू केली. ते बिचारे संकोचून म्हणाले, "मालक, मले काय सांगता? मी तं माल कालवतो."

"मंग मिस्तरी कुठं हाय?"

"समोर उभी हाय," ओळंब्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या.

पुण्याकडे बांधकामांवर घमेली वाहण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. वाहता वाहता त्या बघत होत्या. एकदा मिस्तरी आला नाही, बाईंनी थापी उचलली आणि मग ती खाली ठेवलीच नाही. बायकोच्या हाताखाली काम करतो म्हणून गावात लोक हरिभाऊंना हसायचे. "हसू द्या," बाई म्हणायच्या, "हसनाऱ्याच्या घरची भिंत बी फुगनच न कधीतरी."

पहिले काही दिवस त्यांनी नुसतं सिमेंट खरवडलं. "भिंतीले घाम येऊन राह्यला, अन् तुमी तिले सेटर घालून ठेवलं," असं त्यांनी आबांना सुनावलं. आतून काळा दगड निघाला. त्याच्या फटींत हरिभाऊंनी कालवलेला चुना भरत गेल्या. मग खिडकी. टेकू देऊन त्यांनी आधी वरचे दगड काढले, तिथे लांब शिळा बसवली आणि त्यानंतर खालचा भाग मोकळा केला. "आधी वरचं झेलाचं, मंग खालचं काढाचं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आबांचा काही विश्वास बसेना. "टेकू काढल्यावर भिंत आली खाली तं?"

"तं मी बी खालीच असन."

बोलल्या तशा वागल्या. चुना पुरता सुकल्यावर, टेकू काढायच्या दिवशी, शिळेखाली मांडी घालून बसल्या आणि माझ्याकडे चहा मागितला. हरिभाऊ टेकूला हात लावायला धजेनात. "काहून भेता? चुना तुमीच कालवला न?" टेकू निघाला. चिमूटभर चुना बाईंच्या केसांत पडला, बस्स. त्यांनी चहा संपवला आणि कप माझ्या हातात दिला.

आमच्याकडे काम पुरं झालं की मिस्तरीला टोपी, दुपट्टा, नारळ देतात. मंगरूळपीरच्या बाजारातून मी एक टोपी, एक दुपट्टा आणि एक खण घेऊन आले. टोपी कोणाला आणि खण कोणाला, हे मी स्वतःलासुद्धा विचारलं नाही. आबांनी टोपी हरिभाऊंच्या डोक्यावर ठेवली. मी ओटीचं ताट घेऊन पुढे झाले.

बाईंनी पदर पुढे केला नाही.

"मालक, भिंत कोनं उभी केली?"

"तुमीच. पन बाईमानसाच्या डोक्यावर टोपी? रीत नाई."

"हा मान मिस्तरीचा हाय का मिशीचा? ओटी माही भावजय भरते. मले माह्या कामाचा मान पायजे. नसन द्याचा तं नोका देऊ. पन दुसऱ्याच्या डोक्यावर नोका ठिऊ."

हरिभाऊंनी टोपी काढून आबांपुढे धरली. "हे माही नाई, मालक." त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. मला मात्र ताट कुठे लपवू असं झालं. मी बाई, चार पोरींना शिकवणारी, आणि तो खण मीच निवडून आणला होता! इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

आबा टोपी हातात घेऊन खुर्चीत बसले. नव्या खिडकीतून ऊन त्यांच्या पेपरावर आलं होतं. मग उठले आणि बाईंच्या डोक्यावरच्या पदरावर टोपी ठेवली. "मिस्तरी, मोठी होऊन राह्यली जराशी."

"होऊ द्या. धुतल्यावर आटते."

यंदा स्वयंपाकघराचं काम काढायचं म्हणून मी त्यांना शोधत गेले. मंगरूळपीरला एका दुमजली घराचं बांधकाम चाललं होतं. खाली हरिभाऊ आणि तीन बायका माल कालवत होत्या. तेवढ्यात सिमेंटची गाडी आली. ड्रायव्हर उतरला आणि हरिभाऊंना म्हणाला, "मिस्तरी, सही करा."

हरिभाऊ हसले. तिन्ही बायकांनी फावडी थांबवली आणि एकदमच म्हणाल्या, "वर पाहा न जरा!"

वर बाईंच्या पदरावर टोपी होती, सिमेंटने राखाडी झालेली. आटून अगदी बेतशीर बसली होती. ओळंबा अजून हलत होता, म्हणून बाई बोलल्या नाहीत. ड्रायव्हर कागद घेऊन उन्हात उभा राहिला.