काहीच न आणता चौथी

शेजारचे काका अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची मॅच कधी पूर्ण बघत नाहीत, पण दर आठवड्याचं रँकिंग त्यांना तोंडपाठ. त्याच हौसेने प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या आमच्या शनिवारच्या पॉटलकचंही रँकिंग ते फ्रिजवर लावतात, चव न घेताच. कोपऱ्यावरच्या वहिनींची कोथिंबीरवडी कायम पहिली.

“काका, आज ती जळली होती.”

“अगं, पण नाव आहे तिचं!”

एकदा ऑफिसमधून उशीर झाला, म्हणून मी रिकाम्या हातानेच गेले. तरी सातवीवरून थेट चौथी!

“काका, मी काहीच आणलं नव्हतं.”

“म्हणूनच! तुझ्या वरच्या तिघींचं बिघडलं. तुझं कुठे बिघडलं?”

पुढच्या शनिवारी झाडून सगळे रिकाम्या हाताने आले. काकांनी पिझ्झा मागवला आणि गंभीरपणे नवी यादी लावली. पहिली कोथिंबीरवडीच.