रोलर नागपूरला जातो

"म्याडम, नख लावा."

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मी शाफ्ट तपासायला लागले, त्या पहिल्याच दिवशी तिथले सगळ्यांत जुने कारागीर, काका, यांनी मला हे ऐकवलं. मापं बरोबर होती, कागदावर फक्त माझी सही व्हायची होती. काकांनी मात्र डोळे मिटून अंगठ्याचं नख कुठे अडतं का ते चाचपत शाफ्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि मगच मान हलवली. असा एखादा माणूस तुमच्याही नोकरीत असेलच. तो आपलं काम अडवतो आणि वर बरोबर असतो, म्हणून जास्त राग येतो.

काका बर्निशिंग करायचे. लेथवर फिरणाऱ्या शाफ्टवर एक गुळगुळीत, कडक रोलर जोराने दाबून फिरवायचा. पोलाद कापलं जात नाही, नुसतं दबतं, आणि वरचा थर चकचकीत आणि टणक होतो.

"तांबट हंडा मठारतो ना, तसंच," काका सांगायचे. "ठोक्याने मजबूत होतो. पण रोलरवर जे असेल ते शाफ्टवर उमटणार. म्हणून रोलर जपायचा."

जपायचा म्हणजे किती? रोज संध्याकाळी रोलर पुसून, ग्रीस लावून, बायकोच्या जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून ते शेजारच्या कोपरला घरी न्यायचे. काका आजारी पडले की रोलरही रजेवर. एकदा काम खोळंबलं म्हणून मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले, तर तापाने फणफणलेल्या या माणसाने डबा देण्याआधी मला हात धुवायला लावले.

कहर व्हायचा दसऱ्याला. काका दरवर्षी खंडेनवमीला दीक्षाभूमीसाठी नागपूरची गाडी धरायचे आणि डबाही सोबत न्यायचे.

"काका, रोलरचं नागपूरला काय काम?"

"इथं ठेवला तर तुम्ही पूजेत हळदकुंकू लावणार."

मी जन्मात नागपूर पाहिलं नव्हतं. रोलर दरवर्षी जाऊन येत होता.

एका वर्षी पंपांच्या शाफ्टची मोठी ऑर्डर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जायची होती. मी हट्टाने रोलर ठेवून घेतला.

"ठेवतो," काका म्हणाले. "पण त्याला काय लावू नका, म्याडम."

नवमीला सगळ्या मशिनांना झेंडूच्या माळा पडल्या, कुंकवाची बोटं उमटली. एवढी मोठी ऑर्डर आणि एकटा रोलर कोरा, हे मला बघवेना. मी ओल्या कुंकवाचं एक बोट टेकवलंच. नंतर पुसणार होते. प्रसाद वाटायच्या गडबडीत राहिलं.

दसरा झाल्यावर दुसऱ्या कारागिराने रोलर वरवर पुसून शाफ्ट काढले. चमक छान दिसत होती. मी घाईघाईत सह्या केल्या. टेम्पो भरत असताना काका स्टेशनवरून थेट कारखान्यात आले, पिशवी अजून खांद्यालाच. सरळ घरी जायचं ना! पण नाही. त्यांनी एक शाफ्ट बाहेर ओढला आणि नख फिरवलं.

"अडतंय."

ओल्या कुंकवाखाली रोलर गंजून बारीक खड्डा पडला होता आणि तो एकूण एक शाफ्टवर उमटला होता. ऑर्डर हातची गेली.

एरवी काकांना अहो-जाहो करणारे शेठ अरे-तुरेवर आले. "रोलर ठेवायला लावला म्हणून राग काढलास ना? मुद्दाम खराब करून गेलास!"

सगळे कामं थांबवून बघत होते. काकांनी रोलरची कड फडक्याने पुसली. फडक्याला लाल लागलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फडक्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मी खराब केला नाय, शेठ," एवढंच म्हणाले.

मी गप्प बसले. नोकरी जाण्याची भीती होती, आणि तेवढं कारण मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी, काही घडलंच नाही अशा आवाजात, "म्याडम, नख लावा." अहो, ओरडा ना माणसावर! पुढची तीन वर्षं ते त्या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा नव्या रोलरचा डबा माझ्या हातात दिला. आत तेच फडकं होतं, धुतलेलं. डाग फिका झाला होता, पण गेला नव्हता.

त्या वर्षी खंडेनवमीला शेठनी पूजेसाठी रोलर मागितला. मी नाही म्हटलं.

"तू पण त्याच्यासारखीच झालीस?"

"शेठ, तेव्हा कुंकू मी लावलं होतं."

सगळे ऐकत होते. शेठ खुर्चीत बसले. मी बाहेर येऊन काकांना फोन लावला. आता रिकामे होते म्हणून ते एक दिवस आधीच नागपूरला पोचले होते. मागे प्रचंड गर्दीचा आवाज.

"काका, मी शेठना सांगितलं! कुंकवाचं! सगळ्यांसमोर सांगितलं!"

"आवाज येत नाय, म्याडम! आज रोलर घरी न्या!"

फोन कटला. परत आले की निवांत भेटून सांगू, असं म्हणत मी दिवस घालवले. उन्हाळ्यात काका गेले.

डबा आता रोज माझ्या पर्समधून घरी येतो. संध्याकाळी रोलर गुंडाळताना त्या फडक्यावरचा डाग दिसतो आणि मी काकांवर नव्याने चिडते. निदान एकदा तरी ओरडायचं होतं.